करारातलं पाणी

औरंगाबादच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत पाणी येणार असलं की आधी मोटारसायकलचा आवाज येतो. मागच्या सीटला टी-आकाराची लांब लोखंडी चावी दोरीनं बांधलेली असते. लाइनमन उतरतो, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पायानं सरकवतो, चावी आत सोडतो आणि फेरे मोजत फिरवायला लागतो. अकरा फेरे फिरवले तर मागच्या गल्लीची तक्रार, नऊ फिरवले तर आमची. हे गणित त्याच्या मनगटात आहे. नकाशात नाही, रजिस्टरमध्ये नाही, संगणकात तर नाहीच. तो रजेवर गेला की बदली माणूस दोन-तीन पाळ्या चाचपडतो आणि तेवढ्यात शेवटच्या घरातला ड्रम कोरडा राहतो.

सार्वजनिक-खासगी भागीदारीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना चेंबरपासून सुरू करावी का, यावर मी बराच विचार केला. पुढच्या लेखांमध्ये महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, मेट्रो आणि बंदरं आहेत. आकडे हजारो कोटींचे आहेत. पण पीपीपी या तीन अक्षरांबद्दल जे काही मला कळलं, ते याच शहरात, याच चेंबरच्या काठावर उभं राहून कळलं. आमच्याकडे त्या तीन अक्षरांना एकच नाव आहे: समांतर. जुन्या जलवाहिन्यांना समांतर टाकायची म्हणून 'समांतर जलवाहिनी'. पुढे 'जलवाहिनी' गळून पडली आणि विशेषणाचंच नाम झालं. 'समांतर'चं काय झालं, असं पानटपरीवर विचारलं तरी सगळ्यांना कळतं. भूमितीत समांतर रेषा कधी मिळत नाहीत, हा विनोद या शहरात इतक्यांदा झाला आहे की आता त्यावर कुणी हसत नाही.

तिकडे वळण्याआधी थोडं मागे जायला हवं. भागीदारी हा शब्द 1991 नंतरचा वाटतो, व्यवहार तसा नाही. 1849 साली ईस्ट इंडिया कंपनीनं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी करार केला. जमीन सरकारनं फुकट द्यायची आणि भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमीही द्यायची. गाडीला उतारू मिळोत न मिळोत, पाच टक्के ठरलेले. तूट भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, तिचं कौतुक आपण शाळेत शिकतो. हमीचा धडा मात्र पाठ्यपुस्तकात नसतो. ज्याला तोट्याची भीतीच नाही त्यानं खर्चाला हात आखडता का घ्यावा? हा प्रश्न दादाभाई नौरोजींच्या पिढीनं तेव्हाच विचारला होता.

आपल्या मराठवाड्यात तर ही हमी थेट नावातच होती. मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, तो चालवणाऱ्या कंपनीचं नाव 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. लंडनमध्ये भांडवल उभं करणारी कंपनी, आणि परताव्याची हमी निझामाच्या तिजोरीची. 1883 साली या रेल्वेच्या चांदा योजनेवरून हैदराबादेत वादंग झालं, सवाल विचारणाऱ्यांत सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय होते आणि त्यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आलं. करार लोकांना दाखवा म्हणणाऱ्याला गावाबाहेर काढण्याची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. आता काढत नाहीत, एवढंच. 'व्यावसायिक गोपनीयता' असं उत्तर देतात.

हमीचं भूत स्वातंत्र्यानंतर परत आलं ते दाभोळला. तिथल्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या कथेत आता नवं सांगण्यासारखं थोडंच उरलं आहे. डॉलरशी बांधलेला दर, वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे, राज्याची हमी आणि वर केंद्राची प्रतिहमी. 1995 मध्ये करार मोडला, 1996 मध्ये पुन्हा केला, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि माधव गोडबोले समितीला त्याचं विच्छेदन करावं लागलं. या पुस्तकात त्यावर स्वतंत्र लेख आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे: विजेची मागणी किती वाढेल, याचा अंदाज चुकला आणि त्या चुकीची सगळी किंमत एकाच बाजूनं भरायची असं करारात लिहिलेलं होतं. भागीदारीच्या शास्त्रात म्हणतात की जी जोखीम ज्याला उत्तम सांभाळता येते, ती त्याच्याकडे द्यावी. व्यवहारात ती ज्याचा वकील कच्चा, त्याच्याकडे जाते.

रस्त्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव एकरंगी नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगी बोली साडेतीन हजार कोटींच्या वर गेली, तेव्हा ती नाकारून राज्य रस्ते विकास महामंडळानं तो रस्ता निम्म्याहून कमी खर्चात स्वतः बांधला. सरकारला बांधता येतं, हे त्यातून दिसलं. आणि तोच रस्ता 2004 मध्ये टोलवसुलीसाठी खासगी कंपनीला दिला, 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन. बांधून झालेल्या, वाहनं मोजता येणाऱ्या रस्त्याचा हा सौदा होता. अंधारात उडी नव्हती. याउलट कोल्हापूर. शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते 220 कोटींत बांधायचे आणि शहराच्या वेशीवर तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो मामला. महामार्गावर टोल देणारा माणूस कुठेतरी जात असतो. कोल्हापूरच्या नाक्यावर टोल देणारा घरी परतत होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे लोक पुढे आले, वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, आणि शेवटी सरकारनं कंपनीला भरपाई देऊन टोल गुंडाळला. रस्ता काय आणि पाणी काय, ग्राहक म्हणून पैसे द्यायला लोकांची ना नसते. नागरिक म्हणून जे आपलं समजत होतो त्याची पावती हातात आली की माणूस बिथरतो.

मुंबईची पहिली मेट्रो घ्या. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, 2007 चा करार, 8 जून 2014 ला गाडी सुरू. करारात भाडं 9 ते 13 रुपये. कंपनी म्हणाली, खर्च वाढला, 10 ते 40 घेऊ. करार ट्रामच्या जुन्या कायद्याखाली झाला होता. मधल्या काळात केंद्राचा मेट्रो कायदा या मार्गाला लागू झाला, त्यात पहिलं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला. सही एका कायद्याखाली, गाडी दुसऱ्या कायद्याखाली. मग न्यायालय. आजही ती मेट्रो रोज लाखो लोकांना घेऊन जाते, हेही तितकंच खरं. खटला आणि सेवा दोन्ही एका रुळावर चालू शकतात. पाण्याला ती सोय नाही.

आता समांतर.

या शहराला पाणी लांबून आणण्याची सवय चारशे वर्षांची आहे. मलिक अंबरनं हे शहर खडकी नावानं वसवलं तेव्हाच उत्तरेच्या डोंगरांतलं भूजल खापरी नळांनी उताराउतारानं शहरात उतरवलं, नहर-ए-अंबरी. त्याच जातीच्या नहरीवर पाणचक्की फिरत राहिली. तिथे पंप नव्हता, वीजबिल नव्हतं, कारण पाणी वरून खाली येत होतं. जायकवाडीनं हे उलटं केलं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं हे धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. 102 टीएमसीचा नाथसागर शहराच्या दक्षिणेला, आणि शहर त्याच्याहून पुष्कळ उंचावर. पैठणहून पाणी उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, पुन्हा उपसून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचं, मग जलकुंभांत सोडायचं. एक वाहिनी 56 दशलक्ष लिटरची, सत्तरच्या दशकातली. दुसरी 100 दशलक्ष लिटरची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. 2011 च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांचं झालं, नळ त्याच दोन वाहिन्यांवर. पाणी आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, पुढे आठवड्याला. आमच्याकडे याला 'गॅप' म्हणतात. दोन घरच्या बायका भेटल्या की 'तुमच्याकडे कितीचा गॅप?' हा मुलाबाळांच्या चौकशीआधीचा प्रश्न.

मोठी वाहिनी लागणार, हे सांगायला तज्ज्ञ नको होता. पैसा नव्हता. केंद्राच्या लहान-मध्यम शहरांसाठीच्या योजनेतून अनुदान मिळालं, बाकीचं खासगी भागीदारानं आणायचं ठरलं. 2011 मध्ये 792 कोटींच्या प्रकल्पाचा वीस वर्षांचा करार झाला, औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी ही खास कंपनी उभी राहिली. 2000 मिलिमीटर व्यासाची वाहिनी टाकायची, शहरातलं जाळं बदलायचं, मीटर बसवायचे, वसुली करायची, चोवीस तास पाणी द्यायचं. हे सगळं एकाच करारात. सही झाल्यावर तीन वर्षं कागद फिरत राहिले आणि 1 सप्टेंबर 2014 ला शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला.

इथे थांबून क्रम पाहा. हातात आधी काय गेलं? वाहिनी टाकण्याचं काम जायला हवं होतं. गेली ती वसुली, लाइनमन, तक्रार निवारण आणि त्याच दोन जुन्या वाहिन्या. पाणी तेवढंच. बिल देणारा बदलला. पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ आधीच ठरलेली. गृहिणीच्या दृष्टीनं भागीदारीचा पहिला दिवस असा उगवला की गॅप तोच आणि पावती नव्या कंपनीची. कराराच्या अर्थशास्त्रात हे बरोबर असेलही. महसूल सुरू झाल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. पण आपल्या गावात नवं दुकानसुद्धा आधी माल लावतं, मग पाटी.

कंपनीचं म्हणणं काय होतं, तेही नोंदवायला हवं, कारण शहरात ते कुणी ऐकून घेत नव्हतं. परवानग्या वेळेवर मिळाल्या नाहीत, मीटरला विरोध झाला, महापालिकेनं द्यायच्या गोष्टी दिल्या नाहीत. महापालिकेचं म्हणणं सरळ होतं: मुख्य वाहिनी कुठे आहे? 2016 पर्यंत ती जमिनीत उतरली नव्हती, आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जूनच्या अखेरीस सर्वसाधारण सभेनं करार रद्द करण्याचा ठराव घेतला, 1 ऑक्टोबर 2016 ला महापालिकेनं पाणीपुरवठा पुन्हा आपल्याकडे घेतला. नंतर न्यायालय, लवाद. 2018 मध्ये तडजोड करून योजना पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न सभेपर्यंत आला आणि विरला.

करार गेला, पण त्यातली एक गोष्ट मागे राहिली. दहा टक्के वाढ. कंपनी नाही, वाहिनी नाही, चोवीस तास पाणी नाही. पाणीपट्टी मात्र ठरल्या पायऱ्यांनी चढत अर्ध्या इंची घरगुती नळाला वर्षाला 4,050 रुपयांवर गेली. 2022 च्या मे महिन्यात, पाण्यावरून राजकारण तापलेलं असताना, ती निम्मी करून 2,025 झाली. भागीदारी मोडल्यावर कोणतं कलम जिवंत राहतं याचा अभ्यास कुणी करत असेल, तर त्यानं आमच्याकडच्या पावत्यांची फाइल जरूर पाहावी.

आता सगळ्यांचा आवडता निष्कर्ष: खासगीकरण फसलं. मी तो काढत नाही. याचं कारण नागपूर आणि लातूर, आणि त्याहून मोठं कारण आमचीच पुढची योजना.

नागपुरात 2012 पासून पंचवीस वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाणी पुरवते. तिथेही भांडणं झाली, सगळं शहर चोवीस तासांवर आलेलं नाही, बिलांवरून मोर्चे निघाले. पण करार उभा आहे. आधी धरमपेठेत लहान प्रयोग झाला, चुका स्वस्तात झाल्या. पेंचचं पाणी शहराच्या दाराशी आलेलं होतं. भागीदाराला ते वाटायचं होतं, लांबून उपसून आणायचं नव्हतं. लातूरला उलटं. मांजरा धरणावरच्या योजनेची देखभाल 2008 मध्ये खासगी कंपनीकडे गेली, मीटरविरोधात शहर पेटलं, काम ठप्प झालं. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा करार सरकारी की खासगी, या वादाला काही अर्थच उरला नव्हता, कारण धरणात पाणी नव्हतं. कोणत्याही परिशिष्टात पाऊस बांधून घेता येत नाही.

आमची पुढची योजना तर भागीदारी टाळूनच आखली. 12 डिसेंबर 2020 ला भूमिपूजन, 1,680 कोटी, काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली, ठेकेदाराला कामाचे पैसे, टोल नाही, वसुली नाही, वीस वर्षांचं लग्न नाही. वाहिनी आता 2500 मिलिमीटरची. पुढे खर्च 2,740 कोटींवर गेला, मुदत उलटली, पैठण रस्त्याचं रुंदीकरण आणि जलवाहिनी एकमेकांच्या पायात आली, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला कामाची प्रगती तारीख-तारखेला विचारावी लागली. दुखणं खासगी भागीदाराचं असतं, तर भागीदार गेल्यावर ते बरं व्हायला हवं होतं.

मला जे सांगायचं आहे ते इथे येतं. भागीदारीत दोन पक्ष असतात आणि चर्चा नेहमी खासगी पक्षाच्या हेतूंची होते. सार्वजनिक पक्ष कोण आहे, त्याला स्वतःबद्दल काय माहीत आहे, हे कुणी विचारत नाही. 2011 मध्ये करारावर सही करणाऱ्या महापालिकेला आपल्या अधिकृत नळांचा आकडा माहीत होता, अनधिकृतांचा तोंडी होता. गळती किती, याचा अंदाज होता, मोजमाप नव्हतं, कारण मोजायला मीटर नव्हते आणि मीटर बसवणं हेच करारातलं काम होतं. जमिनीखाली कोणता नळ कुठे वळतो, हे लाइनमनला ठाऊक. म्हणजे ज्या मालाचा सौदा करायचा त्याची मोजदाद विकणाऱ्याकडे नाही. समोर मात्र चार्टर्ड अकाउंटंट, सल्लागार, वकिलांची फौज. पाच वर्षांत आयुक्त बदलले, पदाधिकारी बदलले. करार वीस वर्षांचा आणि तो वाचणाऱ्याची नेमणूक दोन-अडीच वर्षांची. सही करताना खुर्चीत असलेला माणूस वाद उभा राहिला तेव्हा त्या खुर्चीत नव्हता. करार करायला सल्लागार भाड्यानं मिळतो, करार सांभाळायला कार्यालय लागतं, आणि ते आपण कधी उभंच केलं नाही.

विजय केळकर या पुण्याच्या अर्थतज्ज्ञांनी दोन अहवाल दिले, ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक महाराष्ट्राच्या समतोल प्रादेशिक विकासाचा, ज्यात मराठवाड्याच्या पाण्याचं दुखणं आहे. दुसरा 2015 च्या नोव्हेंबरमधला, केंद्रासाठी, पीपीपीची गाडी रुळावर आणण्याबद्दलचा. दुसऱ्यात त्यांच्या समितीनं म्हटलं की जोखमीची वाटणी डोळसपणे करा, दीर्घ करारात फेरवाटाघाटीची वाट आधीच ठेवा, स्वतंत्र नियामक नेमा, आणि प्रामाणिक चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला भ्रष्टाचाऱ्याच्या रांगेत उभं करू नका. शेवटचा मुद्दा वरवर अधिकाऱ्यांची तरफदारी वाटतो. पण ज्यानं कुणी महापालिकेत फाइल फिरताना पाहिली आहे त्याला कळेल. कंपनीला एक सवलत दिली तर चौकशी, नाही दिली तर प्रकल्प बंद. आणि प्रकल्प बंद पडल्याबद्दल आजवर कुणाची चौकशी झाल्याचं मला आठवत नाही. मग फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा पडतो.

केळकर समितीनं आणखी एक पेच दाखवला आहे: खासगी भांडवल एकदा जमिनीत पुरलं गेलं की सरकारचा हात वर होतो, करार जुना होतो आणि दर वाढवून द्यायला टाळाटाळ सुरू होते. महामार्गाला हे लागू पडतं. पाण्यात मला उलटंही दिसलं. वाहिनी पुरण्याआधीच नळ हाती दिले, त्यामुळे शहराचा हात खाली गेला. पाणीपुरवठा बंद पडेल या भीतीनं महापालिका दोन वर्षं जोरात बोलू शकली नाही. कुणाचं आधी अडकतं, यावर भागीदारीचं वजन ठरतं.

यातून सरकारनं मधले रस्ते शोधले आहेत. महामार्गांसाठी 2016 पासून आलेल्या हॅम (हायब्रिड ॲन्युइटी) पद्धतीत बांधकामाच्या काळातच सरकार खर्चाचा चाळीस टक्के वाटा देतं आणि उरलेला हप्त्यांनी. वाहनं किती येतील याची जोखीम ठेकेदाराच्या डोक्यावरून जाते. त्याबद्दलचे लेख पुढे आहेत आणि ते लिहिणारे माझ्याहून जाणकार आहेत. मी इतकंच सुचवीन की ते वाचताना दर पानाला विचारा, यातली तूट कुठे गेली? ती नाहीशी होत नसते. टोलनाक्यावरून उठून अर्थसंकल्पात जाऊन बसते.

आणखी एक, वाचण्याच्या पद्धतीबद्दल. या संग्रहाच्या शेवटी काही करारांचे उतारे दिले आहेत. बहुतेक वाचक ते सोडून देतील; मीही पूर्वी सोडायचो. आता मी परिशिष्टापासून सुरुवात करतो. मुख्य करारात उद्देश असतात, परिशिष्टात वस्तू: किती जलकुंभ, किती किलोमीटर जुने नळ, किती जोडण्या, पंप कोणत्या सालचे, हस्तांतराच्या दिवशी त्यांची अवस्था काय. त्या तक्त्यांत कुठे 'अंदाजे' लिहिलं आहे, कुठे 'पाहणीनंतर ठरवावे', कुठे रकानाच कोरा, ते पाहा. तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि मग पहिल्या पानाकडे वळा.